शेऱ्याचा रकाना कुठे गेला? जुने जमीन अभिलेख सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या भूमी अभिलेख आणि महसूल कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांची जबाबदारी असलेले सर्व अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

ज्या कचेरीतून मला जुनं पान पाहू न देता परत पाठवलं गेलं तिचं नाव या पत्रात मुद्दामच घेत नाही. नाव घेतलं तर तिथला एखादा कारकून भरडला जाईल आणि बाकीच्या कचेऱ्या निश्चिंत राहतील. पण माझ्यासारखे जे जे लोक आपल्या घराण्याचा माग काढायला जुने दप्तर पाहायला जातात, त्यांच्याशी बोलल्यावर कळतं की तालुका बदलला तरी उत्तरं तीच असतात. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना.

गेल्या महिन्यात रेकॉर्ड रूमच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. जुने मोडी अभिलेख जीर्ण झाल्यामुळे पाहणीसाठी मिळणार नाहीत, नक्कल हवी असल्यास स्कॅन प्रतीवरूनच दिली जाईल, एवढा मजकूर. खाली सही नाही, जावक क्रमांक नाही, तारीखही नाही. शंभर-दीडशे वर्षांचं दप्तर लोकांसाठी बंद होतं, आणि ते कोणी बंद केलं हे विचारायला कागदावर एक नावसुद्धा नसतं, हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

माझा या दप्तराशी काय संबंध, ते आधी सांगते.

वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे गेले होते. माझं आणि बहिणीचं नाव लागलं. तिथे बसल्या बसल्या जुन्या फेरफारांचे, म्हणजे खातेदार बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक बघत होते. वडिलांच्या आधी आजोबा, आजोबांच्या आधी पणजोबा. त्यापलीकडे आमच्या घरात कोणाला काही माहीत नव्हतं. एका निवृत्त कारकुनांनी वाट दाखवली, ती आजही मला तोंडपाठ आहे. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव गट पाडले गेले, तेव्हा जुने सर्व्हे नंबर पडद्याआड गेले. म्हणून आधी एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा काढायचा, त्यातून जुना सर्व्हे नंबर मिळवायचा. तो हाती आला की मागच्या फेरफारांतून हक्कनोंदीपर्यंत जायचं. हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. त्याच्याही मागे जायचं तर भूमी अभिलेखाकडे जाऊन शेतवार पत्रक, प्रतिबुक, पक्काबुक, फाळणी, टिपण अशी जुन्या मोजणीची कागदपत्रं मागायची. आणि ती वाचायची तर मोडी शिकायची.

मी मोडी शिकले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

चार वर्षांपूर्वी त्याच कचेरीत एका शिपाईमामांनी शिडीवर चढून आमच्या गावाचा गठ्ठा खाली काढला. फडकं सोडलं तशी मातीची आणि वाळवीची धूळ टेबलभर झाली. सारा ठरवणाऱ्या पहिल्या बंदोबस्ताची तीस वर्षांची मुदत संपल्यावर जी फेरमोजणी झाली, त्या वेळचं शेतवार पत्रक त्यात होतं. आमचा सर्व्हे नंबर सापडला. क्षेत्र एकर-गुंठ्यांत, आकार म्हणजे सारा रुपये-आण्यांत, आणि खातेदाराच्या रकान्यात एका बाईचं नाव. त्यापुढे ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको, आणि त्यापुढे तिच्या नवऱ्याचं नाव. उजव्या कडेला शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: नवरा मयत, मुलगा अज्ञान, वहिवाट खुद्द. आणि त्या अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाचं नाव. ते माझ्या पणजोबांचं होतं.

म्हणजे ती माझी खापरपणजी. नवरा गेलेला, पोर लहान, आणि जमीन ती स्वतः कसत होती. आमच्या घरात तिचं नाव कोणीच कधी उच्चारलं नव्हतं, कारण ते कोणाला ठाऊकच नव्हतं. घराण्याची वंशावळ आमच्याकडे आहे, भाटाकडून उतरवून घेतलेली. तिच्यात एकही बाई नाही. त्र्यंबकेश्वराच्या आणि पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या पाहिल्या, दक्षिणेकडच्या नातलगांकडे येणाऱ्या, वंशावळी सांगणाऱ्या हेळव्याची बाडं ऐकली, तिथेही बापानंतर लेक, लेकानंतर नातू. वतनदारांची गोष्ट वेगळी. त्यांच्या सनदा, महजर, कैफियती पुण्याच्या पेशवे दप्तरात सापडतात. साध्या कुणब्याच्या घरातली विधवा कुठे सापडणार? ती सापडते ती साऱ्याच्या हिशेबात. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ साली इंदापूर तालुक्यात मोजणी सुरू केली, तेव्हा कंपनी सरकारला आपल्या पूर्वजांची आठवण जपायची नव्हती. त्याआधीच्या प्रिंगलच्या मोजणीत सारा इतका चढा बसला होता की रयत जमिनी टाकून गेली होती, आणि सरकारला वसुली नीट हवी होती. पण रयतवारीत, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याच्या पद्धतीत, प्रत्येक नंबराच्या साऱ्याला कोणीतरी एक माणूस जबाबदार धरावा लागतो, आणि त्याचं नाव लिहावं लागतं. ते नाव बाईचं असेल तर बाईचं. म्हणून माझ्या खापरपणजीचं नाव आज जगात फक्त त्या एका पानावर आहे.

त्या दिवशी मला दहा मिनिटं मिळाली. हातात कोरा कागद नव्हता, एका पाकिटाच्या मागे मी ते जसंच्या तसं मोडीत उतरवून घेतलं. नकलेचा अर्ज केला. त्यानंतर ‘गठ्ठा स्कॅनिंगला गेला आहे’ हे उत्तर तीन वर्षं ऐकलं. गेल्या महिन्यात अखेर शिक्का मारलेली नक्कल मिळाली. तिच्यात शेऱ्याचा रकाना नाही. पान शिवणीपाशी दुमडलेलं तसंच यंत्राखाली ठेवलं गेलं, आणि उजवीकडची तीन बोटं जागा काळ्या पट्टीत गेली. खातेदार म्हणून बाईचं नाव आहे. मुलगा नाही, ‘मयत’ नाही, ‘वहिवाट खुद्द’ नाही. त्या नकलेवरून ती माझी कोणी लागते हे जगात कोणालाही सिद्ध करता येणार नाही. मूळ पान पाहू द्या म्हटलं, तर दारावरचा कागद दाखवला.

आता तक्रारी. काही सगळ्यांच्या आहेत, काही माझ्या.

१. खिडकीवर पहिला प्रश्न येतो, ‘कशासाठी हवं आहे? वाद चालू आहे का?’ वाद नाही, पूर्वज शोधते आहे म्हटलं की चेहरे बदलतात. काही कचेऱ्यांत दिवाणी दाव्याचा क्रमांक लिहिल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. जमीन बळकावायला आलेला माणूस खोटा दावा सांगून आत जाईल, आणि खरं सांगणारी म्हातारी बाहेर उभी राहील, अशी ही पद्धत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम ३२७ पुन्हा एकदा काढून वाचा, ही विनंती. नियम आणि फी यांच्या अधीन राहून नकाशे आणि जमीन अभिलेख जनतेच्या पाहणीसाठी खुले असतील आणि मागणाऱ्याला प्रमाणित उतारे दिले जातील, असा त्याचा आशय आहे. मागणारा वादी असला पाहिजे, अशी अट त्यात नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ तर कलम ६(२) मध्ये स्पष्टच सांगतो की अर्जदाराला कारण विचारता येत नाही.

२. स्कॅनिंग झालं म्हणून मूळ कागद बंद करणं. ही माझी मुख्य तक्रार आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

स्कॅनिंगला माझा विरोध नाही. आग, पूर, वाळवी यांतून काही वाचवायचं तर दुसरी प्रत असलीच पाहिजे. घरबसल्या जुना सातबारा आणि फेरफार पाहता येतो, याचा मलाही उपयोग झाला आहे. पण ही कामं पानांच्या संख्येवर दिली जातात, आणि पान वाचता येतं का हे तपासायला मोडी येणारं माणूस तिथे नसतं. मग काय होतं, ते मी माझ्या एका गावाच्या प्रतींवर मोजून पाहिलं. शिवणीत गेलेला मजकूर जातो. पाठीमागे लिहिलेलं असेल तर पाठ घेतलेलीच नसते. जोडपत्र टाचलेलं असेल तर ते खालच्या ओळी झाकून बसतं. दुरुस्त्या लाल शाईने केलेल्या असतात. कृष्णधवल प्रतीत लाल आणि काळं सारखंच दिसतं, आणि आधीचं कुठलं व नंतरचं कुठलं हे कळायचा मार्ग बंद होतो. टिपणांची, म्हणजे मोजणीच्या वेळी काढलेल्या कच्च्या आराखड्यांची, गत त्याहून वाईट. तेहेतीस फुटी साखळीने, सोळा आण्यांच्या हिशेबाने घेतलेली मापं रेघेच्या कडेला मुंगीएवढ्या आकड्यांत लिहिलेली असतात. पडद्यावर ती मोठी केली की नुसते ठिपके दिसतात.

जमिनीच्या वादातही या आकड्यांवर निकाल फिरतात, तेव्हा हा फक्त पूर्वज शोधणाऱ्यांचा प्रश्न आहे असं समजू नका. मूळ मोजणीची कागदपत्रं तुमच्याच दप्तरी शिरस्त्यात ‘अ’ वर्गाची, कायम जतन करायची आहेत. प्रत काढली म्हणून मूळ कागदाचा वर्ग बदलत नाही.

३. यादी नाही. कोणत्या गावाचं कोणत्या सालचं कोणतं पत्रक शिल्लक आहे, हे कुठेही लिहून लावलेलं नाही. ते रेकॉर्ड कीपरच्या डोक्यात असतं, आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जातं. त्यामुळे ‘सापडत नाही’ हे उत्तर खरं की सवयीचं, हे तपासताच येत नाही. अभिलेखांची सूची करून ठेवणं हे माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(अ) नुसार तुमचं काम आहे. त्याला आता वीस वर्षं झाली.

४. वाचणारी माणसं नाहीत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि बोरू न उचलता एका दमात ओळ जाते. आधी रेघ, मग तिच्याखाली अक्षरं. सवय नसेल तर एकाच नावाची तीन वाचनं होतात. सूची करणाऱ्याने चुकीचं नाव टिपलं की तो माणूस दप्तरात असून नसल्यासारखा होतो. वर सनांचा घोळ. कागदावर फसली सन, म्हणजे जुनं महसुली साल असतं, त्यात साधारण ५९० मिळवल्यावर इसवी सन येतो. शके असेल तर ७८. मी अशा प्रती पाहिल्या आहेत ज्यांच्यावर फसली सन शके समजून साल टाकलं आहे. फरक पाचशे वर्षांचा पडतो आणि तरी कोणाच्या नजरेला येत नाही. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘अज्ञान’ म्हणजे वयात न आलेला, एवढं तरी सूची करणाऱ्याला आधी शिकवायला हवं. ‘कोम’ हे आडनाव म्हणून संगणकात चढवलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

५. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पाठवणं. फेरफार तहसीलला, शेतवार भूमी अभिलेखाला, इनामाचे कागद पुराभिलेखागारात. त्यातून गाव पूर्वी दुसऱ्या तालुक्यात असेल तर आणखी एक कचेरी वाढते. प्रत्येक जण पुढच्याचं नाव सांगतो. लेखी मात्र कोणी देत नाही.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे: मनुष्यबळ नाही, कागद हात लावला की तुटतो. कागद तुटतो हे खरं आहे. मी तो तुटताना पाहिला आहे, माझ्या बोटाखाली एक कोपरा गेला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून मी असं म्हणत नाही की कोणीही यावं आणि गठ्ठे उलटेपालटे करावेत. पण जीर्ण कागदावरचा उपाय म्हणजे त्याला कुलूप घालणं, असं असेल तर कुलपाच्या आत वाळवी त्याचं काय करते हेही पाहायला हवं. आणि मनुष्यबळाचं म्हणाल, तर २०२३ साली मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठीच्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या, तेव्हा हेच गठ्ठे गावोगाव खाली निघाले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना १४, शेतवार, प्रतिबुक, क्लासर रजिस्टर ही नावं वर्तमानपत्रांत आली आणि लोकांना पाठ झाली. मोडी जाणणाऱ्यांना बोलावणी गेली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला जायचं नाही. मला एवढंच दिसलं की मनावर घेतलं तर दप्तर उघडतं. त्या वेळी जे वाचलं गेलं, त्याची सर्वांसाठी सूची झाली असती तर पुढच्या माणसाला तीच पानं पुन्हा उलटायला लागली नसती. कागदाचीही झीज वाचली असती.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती घराण्याचा शोध घेणाऱ्यांना नेहमी अडते आणि फक्त मूळ कागदावरच सुटते. मुंबई इलाख्याच्या मोजणीत सर्व्हे नंबर पाडताना त्याला किमान क्षेत्र ठरवलेलं होतं. लहान लहान तुकडे एका नंबरात घातले गेले आणि नंबर एकाच्या नावावर लागला. तिघा भावांतला थोरला खातेदार दिसतो, धाकटे दोघे फाळणीच्या, म्हणजे नंबराच्या आतल्या वाटण्यांच्या, कागदात राहतात. म्हणून कितीतरी घराण्यांत ‘आमचे पूर्वज इथले नव्हतेच, मागून आले’ अशी समजूत पसरली आहे. ते इथलेच होते, धाकटे होते. आमच्या गावातल्या एका कुटुंबाची अशी समजूत मी फाळणीचा कागद दाखवून दूर केली. त्या घरातले आजोबा तो कागद कितीतरी वेळ नुसता धरून बसले होते. त्यांना जमीन नको होती. आपण उपरे नाही एवढंच त्यांना हवं होतं.

आता मागण्या.

दारावरचा तो कागद काढा. बंदी घालायचीच असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने, कारणासह, मुदतीसह घाला.

मूळ अभिलेखाची पाहणी कलम ३२७ प्रमाणे सुरू ठेवा. आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या वेळेत, कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली, पानं त्याने उलटायची. फ्लॅश न वापरता मोबाइलवर फोटो काढू द्या. त्याने कागदाला हात लागत नाही. अर्जात ‘कारण’ हा रकाना असेल तर तो काढून टाका.

स्कॅन प्रतीत मजकूर कापला गेला आहे अशी तक्रार आली तर तेवढं पान पुन्हा, रंगीत, पाठपोट घ्या आणि नक्कल विनाशुल्क बदलून द्या. ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली मुदतीसह अधिसूचित करा.

प्रत्येक गावाच्या शिल्लक अभिलेखांची यादी, साल आणि लिपीसह, कचेरीच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावा. जे गहाळ आहे ते गहाळ म्हणून लिहा. त्याने तुमची अब्रू जात नाही.

जीर्ण पानं प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. पुराभिलेखागारात ज्या पद्धतीने पातळ टिश्यू कागद लावून पानं सांधतात, त्या पद्धतीने करा आणि त्यासाठी त्यांची माणसं बोलवा.

मोडी वाचकांची जिल्हावार यादी दरासकट जाहीर करा. लिप्यंतर दोन वाचकांकडून पडताळून घ्या. आमच्यासारखे हौसेने शिकलेले पुष्कळ लोक आठवड्याचा एक दिवस फुकट काम करायला तयार आहेत. आमची परीक्षा घ्या, ओळखपत्र द्या, डोळ्यांसमोर बसवा. मी माझं नाव आजच देते.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाप्रमाणे अभिलेख अधिकारी म्हणून कोणाकडे जबाबदारी आहे, ते नाव प्रत्येक अभिलेख कक्षाच्या दारावर लावा. आज तिथे बिनसहीचा कागद आहे, त्या जागी.

येत्या सोमवारी मी त्याच कचेरीत दोन अर्ज देणार आहे. एक कलम ३२७ खाली पाहणीसाठी, दुसरा माहिती अधिकाराखाली त्या पानाच्या निरीक्षणासाठी. दोन्हींना ते पाकीट आणि तुमच्या शिक्क्याची नक्कल शेजारी शेजारी ठेवून काढलेली झेरॉक्स जोडते आहे. पाकिटावर शेरा आहे, नकलेवर काळी पट्टी आहे. गठ्ठा अजून त्याच फळीवर, खिडकीच्या बाजूला असेल. त्या खिडकीची काच फुटलेली आहे. पावसाच्या आधी तेवढी तरी बसवून घ्या.

आपली,
एक खातेदार